हस्तांतराखेरीज उघडू नये

खनिज संग्रहालयाच्या तळघरात शिरायचं तर आधी छत्री बाहेरच्या बादलीत टाकायची, मग काथ्याच्या पायपुसण्यावर बूट घासायचे आणि मग सुंठबाईंच्या नजरेखालून जायचं. यातलं तिसरं सगळ्यात अवघड. पायऱ्या उतरून आलेला माणूस घामेजलेला दिसला की बाई त्याला दारातल्या स्टुलावर बसवत. "बसा पाच मिनिटं, वाळा जरा. मग आत या," म्हणत. मोठमोठे प्राध्यापक तिथे दोरीवरच्या टॉवेलासारखे निमूट वाळत बसलेले लोकांनी पाहिले आहेत.

सुंठबाई हे नाव आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं हे सांगायला नको. वरच्या मजल्यावरच्या कारकुनांनी ते ठेवलं आणि ते असं चिकटलं की पगारपत्रकावरचं खरं नाव वाचून नवा माणूस विचारायचा, "ह्या कोण आपल्याकडे?" बाई अंगाने काटकुळ्या, बोलायला कोरड्या, आणि चिमूटभर बोलल्या तरी समोरच्याच्या डोळ्यांत पाणी आणणाऱ्या. नावात खोट काढायला जागा नव्हती.

चौतीस वर्षं त्या या तळघराच्या भांडारपाल होत्या. दोन खोल्या, खिडकी एकही नाही. छताला सतत गुणगुणणारी एक ट्यूबलाइट, कोपऱ्यात ओव्हन, टेबलावर काचेच्या पेटीतला तराजू, आणि चारी भिंतींना उथळ खणांची कपाटं. तीन हजारांवर नमुने होते. दगडांचं एक बरं असतं, ते कुठे जात नाहीत, रजा मागत नाहीत. पण त्यांच्यातही नाजूक प्रकृतीचे असतातच. काहींना उजेड सोसत नाही, काहींचा नुसत्या वाऱ्याने भुगा होतो. आणि एक होतं ते सगळ्यांच्या वरताण. त्याला पाणी सोसत नव्हतं. पाणी म्हणजे पेलाभर नव्हे. हवेतलं पाणी, तुमच्याआमच्या श्वासातलं पाणी.

ते तांब्याचं एक खनिज होतं. देशात तेवढाच एक नमुना. ज्यांनी संग्रहालय उभं केलं त्या मोठ्या साहेबांनी तो तरुणपणी एका दूरच्या ज्वालामुखीवरून आणला होता. बाई नोकरीला लागल्या त्या दिवशी त्यांना समोर बसवून साहेबांनी त्याची सगळी कुंडली सांगितली होती. डोंगर एकदा ओकून शांत झाला, तरी त्याच्या भेगा कित्येक महिने धगधगत राहतात. त्यांतून कढत वायू येतात. त्या वायूंबरोबर खालचं तांबं क्लोरीनच्या पाठीवर बसून वर येतं आणि भेगेच्या तोंडाशी, जरा गार हवा लागली की, तिथल्या तिथे गोठतं. "पातेल्याच्या झाकणाला वाफ धरते ना, तसं," साहेब म्हणाले होते. "फक्त ही वाफ तांब्याची." सोनेरी तपकिरी, रेशमासारखे बारीक धागे. भेगेचं तोंड तापलेलं आणि कोरडं आहे तोवर त्यांचं आयुष्य. डोंगर निवला किंवा पाऊस आला की ते पाणी पितात, निळसर हिरवे होतात, आणखी पाणी मिळालं की विरघळून वाहून जातात. साहेबांनी चिमट्याने ते धागे गरम असतानाच नळीत भरले होते. चार ग्रॅम आणि वर थोडं.

"याला घर नाही," साहेब म्हणाले होते. "याचं घर म्हणजे ती भेग. आता तुम्ही म्हणजे भेग."

चोवीस वर्षांच्या मुलीला असं कुणी म्हटलं की तिला ते फार मोठं वाटतं.

तर ती नळी डेसिकेटरमध्ये राहायची. डेसिकेटर म्हणजे जाड काचेचं, बुडाशी दाणे भरलेलं झाकणाचं भांडं. दाणे निळे असतात. ओल शोषून शोषून ते गुलाबी होतात, मग त्यांना ओव्हनमध्ये दोन तास भाजायचं की पुन्हा निळे. भांड्याचा काठ घासून गुळगुळीत केलेला, त्याला व्हॅसलीन लावायचं, आणि झाकण कधी उचलायचं नाही, बाजूला सरकवायचं. नळीच्या तोंडाला नुसता कापसाचा बोळा, म्हणजे भांड्यातली कोरडी हवा आत खेळती राहते. कोरड्या महिन्यांत पंधरवड्याने दाणे भाजले तरी चालायचं. पावसाच्या महिन्यांत दर तिसऱ्या दिवशी. बाई हे सगळं इतक्या निगुतीने करत की दहा-बारा वर्षं त्या धाग्यांची चमक तसूभरही उतरली नाही.

मग ते सहा दिवस आले.

बाईंच्या मागे एक धाकटी बहीण. आईवडील लवकर गेले, तिला बाईंनीच वाढवलं, शिकवलं, समुद्रकाठच्या एका गावात लग्न करून दिलं. स्वतःच्या लग्नाचं मात्र आज-उद्या करता करता राहिलं. बावीस वर्षांपूर्वी, ऐन पावसात, दुपारी वरच्या मजल्यावर फोन आला: धाकटीचं बाळंतपण अडलंय, दोघांचंही काही खरं नाही, लगेच निघा. बाई तेव्हा नुकतेच भाजलेले दाणे भांड्यात ओतत होत्या. त्यांनी झाकण सरकवलं, पर्स उचलली आणि धावत सुटल्या. सहा दिवस त्या धाकटीच्या उशाशी होत्या. धाकटी वाचली. मुलगीही वाचली. सातव्या दिवशी बाई परत आल्या त्या हसतमुखाने, आणि तळघराचा दिवा लावला.

भांड्यातले सगळे दाणे गुलाबी झाले होते. आणि नळीतलं सोनेरी रेशीम हिरवं पडलं होतं, कळकलेल्या तांब्याच्या भांड्यासारखं.

कारण सापडायला वेळ लागला नाही. झाकणाच्या कडेखाली, व्हॅसलीनमध्ये रुतून, एक दाणा बसला होता. मोहरीएवढा. त्याच्यावर झाकण तरंगत राहिलं आणि सहा दिवसांचा पाऊस हळूहळू आत शिरला. राखणीला ठेवलेल्या दाण्यानेच घात केला. कुंपणच शेत खातं म्हणतात ते असं.

बाईंनी दार आतून लावलं. नळी दाण्यांच्या बरोबरीने ओव्हनमध्ये ठेवली. दोन तासांनी हिरवा रंग गेला, पाणी उडालं, तपकिरी परत आला. क्षणभर त्यांना हायसं वाटलं. मग त्यांनी नळी दिव्याजवळ धरली. धागे नव्हते. धाग्यांची पूड झाली होती. रंग होता, रूप गेलं होतं. बहिणीसाठी सहा दिवस कोरड्या डोळ्यांनी जागलेली ती बाई तिथे स्टुलावर बसून ढसाढसा रडली.

सांगायचं त्यांनी ठरवलं होतं, यात शंका नाही. सकाळी दहाला साहेबांच्या खोलीत जायचं, सरळ सांगायचं. पण साहेबच साडेनऊला दोन पाहुण्यांना घेऊन खाली आले. चष्मा कपाळावर सरकवून डेसिकेटरवर वाकले. जाड काच, मिणमिणता दिवा, साठीतले डोळे.

"वा!" ते म्हणाले. "काल आणल्यासारखं ठेवलंय आमच्या बाईंनी."

"साहेब, जरा..." बाई म्हणाल्या.

"बोला ना."

पाहुणे कौतुकाने बघत होते. बाईंच्या ओठांवर आलेलं वाक्य मागे फिरलं. "दाणे संपत आलेत. मागवायला हवेत."

एवढंच. माणसाच्या आयुष्याचं दार असं बंद होतं; धाडकन वगैरे नाही, दाणे मागवायला हवेत म्हणून.

खोट्याला भूक फार असते. महिन्याभरात एका प्राध्यापकाने तपासायला चिमूटभर नमुना मागितला. बाईंनी घाईघाईने एक नियम लिहून साहेबांपुढे ठेवला: ही नळी कोणत्याही कारणास्तव उघडू नये. साहेब खूश झाले. सही करताना त्यांनी स्वतःच्या हाताने फक्त एक शब्द मध्ये घातला: हस्तांतराखेरीज. त्या संग्रहालयाची तशी रीतच होती. भांडारपाल बदलला की जुन्याने आणि नव्याने समोरासमोर बसून प्रत्येक नमुना बाहेर काढायचा, उघडायचा, तोलायचा, कार्डावरच्या वर्णनाशी ताडून बघायचा आणि दोघांनी सही करायची. साहेबांच्या दृष्टीने तो शब्द म्हणजे नुसती शिस्त. पण बाईंच्या लगेच लक्षात आलं, काय होऊन बसलंय ते. त्या खुर्चीवर आहेत तोवर नळी कुणी उघडणार नाही. त्या उठल्या की ती पहिल्यांदा उघडली जाईल. म्हणजे उठायचं नाही. कुलूपही त्यांनीच केलं आणि आतही त्याच राहिल्या.

चार वर्षांनी मोठे साहेब गेले. ज्यांना सांगायचं तेच उरले नाहीत.

दुसऱ्या शहरातल्या मोठ्या संग्रहालयाची प्रमुखाची जागा बाईंना चालून आली. "माझं इथे बरं आहे," म्हणून त्यांनी नाकारली. लोक म्हणाले, काय ही निष्ठा! रजा साचत गेल्या, बाद होत गेल्या. लोक म्हणाले, दगडांशी लग्न लावलंय. एका मासिकात लेख आला, त्यात बाईंच्या देखरेखीचा खास उल्लेख होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, पण मूठ सतत झाकून ठेवणाऱ्याच्या बोटांना काय रग लागते ते कुणी विचारत नाही. पुडीचा स्वभाव धाग्यांहून हावरट, ती पावसात कडेने हिरवी व्हायचीच. मग दार लावून ओव्हन. दर भाजणीला थोडं क्लोरीन सुटायचं, नाकाला झोंबायचं, रंग जरा काळवंडायचा. बावीस वर्षांत एकतीस वेळा. आता नळीच्या तळाशी नाकात ओढायच्या तपकिरीसारखं काहीतरी उरलं होतं, आणि देश त्याला अनमोल ठेवा म्हणत होता.

आणि धाकटी?

"ताई, आठ दिवस तरी राहा गं," ती दर वर्षी म्हणायची. "तुझ्या भाचीला मावशी म्हणजे रविवारची पाहुणी वाटते."

पाच तासांची बस. बाई रविवारी सकाळी जायच्या आणि संध्याकाळच्या गाडीने परत. कोरड्या महिन्यांत तर आठ दिवस सहज राहता आलं असतं. पण ज्याने एकदा घर उघडं टाकलं त्याला पुन्हा कुलपावर भरवसा वाटत नाही. आणि धाकटीला खरं कारण सांगायचं तर तिच्या बाळंतपणापर्यंत जावं लागलं असतं. भाचीचं वय आणि त्या खोट्याचं वय एकच होतं. पोरीला कधी असं वाटायला नको की आपल्या जन्मापायी मावशीची ही गत झाली. म्हणून बाईंनी एक सोपं कारण शोधलं होतं. "तुझ्याकडे ओल फार. मला बाधते," त्या म्हणायच्या. धाकटीने ते खरं मानलं. ती पडली साधी. ताई म्हणेल ते खरं.

धाकटीचा नवरा गेला, भाची नोकरीला दुसरीकडे गेली. आता घरात ती एकटी. बाईंच्या निवृत्तीची तारीख तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेन्सिलीने गोल करून ठेवली होती. "मागची खोली तुझी," ती फोनवर म्हणाली. "रंग देऊन घेतलाय. आता कारण सांगशील तर बघ."

बाई हो म्हणाल्या, आणि फोन ठेवून तळघरात नळीकडे बघत बसल्या. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

त्यांच्या जागी जो माणूस नेमला तो ग्रंथालय विभागातला. पन्नाशीचा, पापभीरू, आणि तळहातांना बारा महिने घाम. पुस्तकांच्या पानांवर त्याच्या अंगठ्याचे ठसे उठायला लागले तेव्हा कचेरीने विचार केला, याला दगडांकडे पाठवा, दगडाला काय होतंय. बाईंनी त्याला पहिल्या दिवशी स्टुलावर बसवलं. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली. "बाई, मी असाच आहे," तो शेवटी ओशाळून म्हणाला. "वाळणार नाही." बाईंना खूप दिवसांनी हसू आलं. हस्तांतर सुरू झालं. रोज शंभर-दीडशे नमुने: उघडा, तोला, ताडा, सही. ती नळी बाईंनी यादीत सगळ्यात शेवटी घातली होती.

निवृत्तीला आठवडा उरला आणि संचालकांनी त्यांना वर बोलावलं. संचालक चाळिशीचे, इस्त्रीच्या घडीचे, प्रत्येक गोष्टीत प्रदर्शन दिसणारे.

"बाई, खुशखबर! नवं दालन काढतोय. मधोमध तुमची नळी, वर दिवा, आणि पाटी: आणलं त्या दिवशी होतं तसंच. आता तुम्हीच सांगा, हस्तांतरासाठी ती उघडायची म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. तर मी वर बोलून तुम्हाला दोन वर्षांची मुदतवाढ मिळवलीय. हस्तांतरच नको. हे काम दुसऱ्या कुणाला जमणारं नाही."

बाईंच्या मनात पहिल्यांदा आलं ते सांगायला लाज वाटावी असं होतं. त्यांना सुटल्यासारखं वाटलं. दोन वर्षं! दोन वर्षं कुणी उघडणार नाही.

संध्याकाळी त्यांनी धाकटीला फोन केला. मुदतवाढ, दालन, वरून आग्रह, सगळं सांगितलं. पलीकडे भांडण होईल, रुसवा होईल, त्याची त्यांनी तयारी ठेवली होती. धाकटी भांडली नाही.

"बरं," ती म्हणाली. मग म्हणाली, "ताई, मी आता पुन्हा विचारणार नाही हं. दर वेळी विचारायचं आणि दर वेळी... नको. तुला यावंसं वाटलं की ये." आणि तिने फोन ठेवला.

बाईंनी रिसीव्हर हातात धरून ठेवला. बावीस वर्षं कुणीतरी बाहेरून दार ठोठावत होतं, त्याचा त्यांना वैताग यायचा. आज ते ठोठावणं थांबलं, आणि तळघर किती बंद आहे ते त्यांना पहिल्यांदा ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी अकराला फोटोग्राफर येणार होता. बाईंनी नळीला कापसावरून रबरी बूच लावलं आणि ती, तिच्या कार्डासकट, घेऊन त्या दुसऱ्या मजल्यावर गेल्या. बावीस वर्षांत नळी पहिल्यांदाच जिना चढत होती. संचालकांच्या खोलीच्या खिडक्या उघड्या, बाहेर रिपरिप पाऊस. बाईंच्या जागी यायचे ते ग्रंथालयवाले खुर्चीच्या कडेला बसून रुमालाने हात पुसत होते. टेबलावर मुदतवाढीचं पत्र, त्यावर टोपण काढलेलं पेन. फोटोग्राफर यायचा होता. चहा मात्र येऊन गेला होता.

बाईंनी एक रिकामी बशी पुढे ओढली. पदराने पुसली. नळीचं बूच काढलं, कापूस काढला आणि पूड बशीत ओतली.

"अहो! काय करताय?" संचालक उभेच राहिले. "नियम आहे ना..."

"नियम मीच लिहिलाय, साहेब. बसा."

त्या बशीवर वाकल्या आणि तोंड उघडून, आरशावर वाफ सोडतात तसा, एक लांब श्वास सोडला. मग आणखी एक. मग बशी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, पावसाच्या अंगाला.

पाच-सात मिनिटं गेली. पांढऱ्या बशीत ती काळपट पूड आधी कडेने मळकट झाली, मग शेवाळी, मग मध्यापर्यंत हिरवी होत गेली. ग्रंथालयवाले हात पुसायचं विसरले.

"ही बत्तिसाव्यांदा हिरवी होतेय," बाई म्हणाल्या. "पहिल्यांदा झाली तेव्हा माझी बहीण अडली होती. मी घाईत झाकण लावलं. काठावर एक दाणा राहिला." आणि त्यांनी सगळं सांगितलं: ओव्हन, मोठ्या साहेबांचं 'वा', नियम, सगळं. मध्ये कुठे थांबल्या नाहीत.

संचालकांनी बशीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. ते खाली बसले.

"परत तपकिरी होते?"

"होते. दोन तासांत."

"मग अडलं कुठे?" त्यांनी आवाज खाली आणला. "हे तिघांतच राहील. आत्ता खाली जा, भाजा, उद्या फोटो काढू. लोक काचेतून बघणार, तपकिरी दिसलं म्हणजे झालं. तुम्ही दोन वर्षं आहातच. बाई, अहो, सुंठेवाचून खोकला गेला म्हणायचं!" आणि हे आपण कुणाला म्हणालो ते लक्षात येऊन ते एकदम खोकले.

बाईंना वाटलं होतं, सांगितलं की आभाळ कोसळेल. आभाळ कोसळलं नाही. उलट त्यांच्या कोठडीत आणखी दोन खुर्च्या मांडल्या जात होत्या. त्यांनी खाली पाहिलं. त्यांचा उजवा हात नमुन्याच्या कार्डाने बशीतली पूड गोळा करून नळीत भरत होता. कुणी सांगितलं नव्हतं. हिरवं दिसलं की भरायचं, खाली न्यायचं, भाजायचं. हाताला तेवढंच ठाऊक होतं. तो हात बघून त्यांना जी भीती वाटली ती बावीस वर्षांत वाटली नव्हती.

त्यांनी कार्ड खाली ठेवलं. संचालकांच्या पत्रावरचं पेन उचललं आणि पत्र बाजूला सारून कार्ड उलटं केलं.

"हस्तांतर करून घेऊ," त्या ग्रंथालयवाल्यांना म्हणाल्या, आणि मोठ्याने वाचत लिहिलं: "नमुना बदललेला. मूळ स्फटिक नष्ट. रंग हिरवा. कारण, डेसिकेटरच्या काठावर दाणा राहिला. जबाबदार..." इथे त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं, पगारपत्रकावरचं. "करा सही."

ग्रंथालयवाल्यांनी संचालकांकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि सही केली. घामाने शाई पसरली, पण सही वाचता येत होती.

पुढे व्हायचं ते झालं. ताशेऱ्याचं पत्र आलं. निरोपसमारंभ रद्द झाला. चहा मात्र झाला, कारण कपबशा आधीच मागवल्या होत्या. बाई निघाल्या त्या दिवशी ग्रंथालयवाल्यांनी त्यांना दारापर्यंत सोडलं आणि दबक्या आवाजात नवी बातमी दिली. संचालकांनी पाटी बदलली होती. हवा लागताच रंग बदलणारं खनिज! दिवसातून दोनदा लोकांसमोर बशीत पूड ओतायची, फुंकर घालायची, हिरवी करून दाखवायची. "फुंकर मीच घालायची आहे," ते म्हणाले. "माझा नुसता हात लागला तरी होते म्हणा." बाई खो खो हसल्या. बस सुटल्यावर मात्र त्यांना रडू आवरेना. जे बावीस वर्षं जिवापाड झाकलं, तेच बघायला लोक रांग लावणार होते.

धाकटी स्टँडवर आली होती. बोलली कमीच. घरी पोचल्यावर तिने बाईंची पिशवी घेतली आणि मागच्या खोलीचं दार उघडलं.

खोलीत ताज्या रंगाचा वास होता. खिडक्यांच्या फटी पट्ट्या लावून बुजवल्या होत्या, वर रंगाचा जाड हात दिलेला. दाराखाली रबराची पट्टी. कोपऱ्यात हवा कोरडी करणारं एक यंत्र घरघरत होतं. आणि चारी भिंतींना खुंट्यांवर पातळ कापडाच्या पुरचुंड्या टांगल्या होत्या, आतून निळे दाणे दिसत होते.

"ओल अजिबात येत नाही आता," धाकटी म्हणाली. तिच्या आवाजात शाबासकी मागणारी ती जुनी लहान मुलगी होती. "दाणे कुठले ते तुझ्या त्या लेखात वाचलं होतं. दोन महिने लागले सगळं करायला. आता बाधणार नाही ना?"

बाई पलंगावर बसल्या. चौतीस वर्षं ज्या खोलीत काढली ती खोली पाच तास प्रवास करून त्यांच्या आधी येऊन थांबली होती, आणि या वेळी ती प्रेमाने बांधलेली होती.

"मला ओल बाधत नाही गं," त्या म्हणाल्या. "कधीच बाधली नाही."

मग त्यांनी सांगितलं. धाकटी उभ्या उभ्या ऐकत राहिली. बाळंतपणाचं आलं तेव्हा तिने भिंतीचा आधार घेतला. सगळं ऐकून झाल्यावर ती रडली नाही, चिडली.

"म्हणजे मी बावीस वर्षं पोरीला सांगत आले, मावशीला इथे बरं नसतं म्हणून! पावसात गाद्या उन्हाला कुठून घालू म्हणून जीव टाकायचे, ताई येईल, ताईला बाधेल! एकदा सांगितलं असतंस तर काय झालं असतं? मी तुला काय म्हणाले असते?"

"तू काही म्हणाली नसतीस," बाई म्हणाल्या. "तेच तर."

धाकटी तरातरा स्वयंपाकघरात गेली आणि बोथट सुरी घेऊन आली. खिडकीच्या फटीतला रंग खरवडायला लागली. बाईही उठल्या. एकीने खरवडायचं, दुसरीने ढकलायचं, मग उलट. तावदानं रंगाने गच्च चिकटली होती. दोघी घामाघूम झाल्या. पाऊण तासाने खिडकीचं एक दार सुटलं आणि समुद्राचा खारा, ओला वारा आत आला.

सकाळी बाईंना जाग आली ती उजाडताना. खुंट्यांवरचे दाणे गुलाबी झाले होते. धाकटी चहा घेऊन आली तेव्हा चारही पुरचुंड्या ओंजळीत घेऊन बाई खोलीच्या मधोमध उभ्या होत्या, इकडे तिकडे बघत.

"काय शोधतेस, ताई?"

बाईंनी ओंजळीकडे पाहिलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. "ओव्हन," त्या म्हणाल्या.

धाकटीने चहा खाली ठेवला. ताईची बोटं एकेक करून सोडवली आणि पुरचुंड्या काढून घेतल्या.